घंटांचं झाड

खर्ड्याच्या अलीकडे माळावर एक लिंब होता. कुत्रं चावलेल्या माणसाला तिथला बुवा मुळी उगाळून पाजायचा. माणूस वाचला की घरच्यांनी झाडाला घंटा बांधायची, असा रिवाज. वारा सुटला की सगळं झाड खणखणायचं, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, एवढा पुरावा असताना दवाखाना कशाला?

लंकाबाईच्या रंगूला पिसाळलेलं कुत्रं चावलं, तेव्हा सासरे आबासाहेब म्हणाले, “आदी झाड!” त्यांची स्वतःची धाकटी लेक छबू कुत्रं चावूनच गेली होती, मुळी पिऊनसुद्धा. पण ते तिचं नशीब, म्हणे! नशिबाच्या माथी मारलं की बुवा मोकळा.

गाडीबैल सासऱ्यांचे, म्हणून लंकाबाईनं पोरीला मुळी पाजू दिली. मग मात्र तिनं नवऱ्याला गाडी तशीच नगरला हाकायला लावली. लढाईचे दिवस, पेट्रोल नाही, मोटार नाही. नगरच्या सरकारी दवाखान्यात रोज पोटात सुई. पोर किंचाळायची, आईचा जीव तुटायचा, तरी तिनं पोरीचे हात घट्ट धरून ठेवले. शेजारच्या दगडाबाईचा लेक मुळी पिऊनही पाण्याला भीत, तडफडत मेलेला तिनं पाहिला होता.

रंगू बरी होऊन आली, आणि आबासाहेब घंटा घेऊन तयार! लंकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुया सोसल्या पोरीनं आणि घंटा बुवाला?

झाडाखाली गाव जमलं. बुवानं हात पुढं केला.

“बुवा, ह्या घंटा वाचलेल्यांच्या. मेलेल्यांची खूण कुठं हाय?” लंकाबाईनं विचारलं.

“मेलेलं घंटा बांधाया येतंय व्हय?” बुवा हसला. माणसंही हसली.

“म्हंजी चावलेलं कुत्रं साधं असलं तरी घंटा तुमची, आन् पिसाळलेलं असलं की नशीब आमचं!”

दगडाबाई पुढं आली. कनवटीला जपलेला लेकाचा करदोडा तिनं काढला आणि फांदीला बांधला. “ह्यो माझ्या लेकाचा,” ती म्हणाली. “वाजत न्हाई, म्हून कुनाला ऐकू आला न्हाई.”

“सोड त्यो!” बुवा ओरडला.

“राहू दे,” आबासाहेब म्हणाले. त्यांनी हातातल्या घंटेचा लोलक पिरगाळून तोडला आणि ती मुकी घंटा करदोड्याशेजारी बांधली.

“माझ्या छबूची,” ते म्हणाले.