हरभऱ्याच्या निमित्तानं

रुचीनं उसळीसाठी भिजवलेला हरभरा उचलला आणि सरळ नाकात कोंबला! दीड वर्षाचं पोर, पण करामती बघा. आशानं गॅस बंद केला, लेक काखोटीला मारली आणि टॅक्सी गाठली. नवरा समाधान मुसफ्फाच्या कारखान्यांत क्रेन चालवायला गेलेला, म्हणून संगं सासरा. आखातातल्या त्या मोहम्मद बिन झायद सिटीत ऊन नुसतं मी म्हणत होतं, आणि जगन्नाथआबांची जीभ त्याहून तापलेली.

"भिजवल्यालं हरभरं पोरीच्या हाताला लागंल असं ठिवत्यात व्हय?"

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं हरभरा काढला. आशाचा जीव भांड्यात पडला. आता निघायचं, तर कॉम्प्युटरवर बसलेला जमाल नर्स म्हणाला, "मॅडम, बच्ची का खसरे का टीका बाकी है. तीन अपॉइंटमेंट छूट गए. आज ही लगा दें?"

गोवराची सुई! शेजारच्या इमारतीत दोन पोरांना गोवर निघालेला, त्या धास्तीनं आशाला अन्न गोड लागत नव्हतं. आणि तिन्ही वेळा आडवं आलेलं माणूस तर शेजारीच टोपी सावरत बसलेलं. गावाकडनं आल्यापासून आबांचं हेच. एकदा अमुशा, एकदा मंगळवार, एकदा शिंक. समाधान बापापुढं नंदीबैल.

"आज न्हाई," आबा म्हणाले. "नाक गळतंय पोरीचं. हरभऱ्यासाठी आलो, हरभरा निघाला. खलास!"

"थोडा जुकाम चलता है, बाबा."

लग्नाला पाच वर्षं झाली, आशा सासऱ्याला कधी उलटून बोलली नव्हती. आज मात्र तिचं तोंड उघडलं.

"आबा, लाळ्या-खुरकूतीची सुई घिऊन गुरांचा डाक्टर आल्ता, तवा अमुशाच हुती. तरी तुमी नांगर टाकून पळत आलासा."

"आगं, ती मुकी जनावरं! दुखलंखुपलं सांगत्यात व्हय?"

"मग ही सांगतीया?"

आबांनी नातीकडं बघितलं. मग त्यांनीच तिला मांडीवर घेऊन घट्ट धरलं.

"टोच बाबा. यल्ला, चल बिगीबिगी!"

सुई टोचली तशी रुची किंचाळली, "नो! बॅड आबा!"

"बॅड तर बॅड, माझी माय," म्हणत आबांनी तिच्याआधी स्वतःचेच डोळे पुसले. दारापाशी येऊन थांबले. खाली मान घालून म्हणाले, "सूनबाई, चुकलंच माझं. म्होरल्या तारखंला म्या काय बी बोललो तरी ऐकायचं न्हाई. कळलं?"

"व्हय, आबा."

सासऱ्याचा हुकूम आशानं इतक्या आनंदानं कधीच मानला नव्हता.