काकूंना ऐकू आलेली पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कपड्यांची नव्हे आणि दागिन्यांची तर नव्हेच. वाजवायची पेटी. हल्ली माझा मुक्काम भजनी मंडळाच्या सभागृहामागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या थप्पीशेजारी असतो. अंगावर एक जुना पडदा टाकलेला आहे. माझी काळजी म्हणून कुणी तो टाकलेला नाही. पडदा ठेवायला दुसरी जागा नव्हती, एवढंच.

मला एका अबोल कारागिराने घडवले. तो पितळेची पातळ पट्टी थोडी खरवडायचा, वाजवून बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा खरवडायचा. असे एकेक करून त्याने माझ्या पोटात सगळे सूर बसवले. मागे भाता लावला, कातड्याच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मला उन्हापासून लांब ठेवले. त्याने कधी तोंडभर कौतुक केले नाही, पण गिऱ्हाईक मला घेऊन निघाले तेव्हा दारापर्यंत सोडायला आला.

ते गिऱ्हाईक म्हणजे काका. त्यांचे चष्म्याचे दुकान होते. दिवसभर ते मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासत, आणि संध्याकाळी मला काखेत मारून मंडळात येत. शेजारी काकू असत. मंडळातले लहानथोर सगळेच त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही म्हणते. कामावरून सुटलेली माणसे सतरंजीवर बसत, चपला दाराशी, डबे भिंतीशी, आणि तासभर भजने चालत. काका वाजवत, काकू गात, बाकीचे मागून म्हणत. कुणाकुणाचा सूर असा लागे की विचारू नका. अशी माणसे मग म्हणत, पेटीच जरा उतरलीय वाटतं. नाचता येईना अंगण वाकडे! मी मुकाट ऐकून घेई.

काकूंचा आवाज मोठा नव्हता, पण खरा होता. फक्त दम कमी. मंडळाचे एक आवडते भजन होते, त्यातली एक लांबलचक ओळ त्यांना एका श्वासात पुरत नसे. त्या मध्येच थांबत. तेवढ्यात काका माझ्यावर दोन सूर वाजवत, काकू श्वास घेत, आणि ओळ पुढे जाई. ऐकणाऱ्यांना वाटे, चालच तशी आहे. पुढे जे नवे लोक ते भजन शिकले, ते त्या थांब्यासकट शिकले. तबलाही तिथे गप्प राहू लागला. एका बाईच्या श्वासासाठी सोडलेली ती जागा आहे, हे काका-काकूंखेरीज फक्त मला माहीत होते.

त्या दिवसांत माझे लाड होत. एकदा बाहेरगावचे एक गवई आले होते. त्यांनी माझ्यावर हात ठेवून म्हटले, "ही वाजत नाही, बोलते." काका तो किस्सा पुढे इतक्यांदा सांगत, की काकू म्हणत, "अहो, आता पेटीलासुद्धा पाठ झाला असेल." झालाच होता.

मग दिवस पालटले. मंडळात विजेवरचा कीबोर्ड आला. तरुण माणसे नोकरीसाठी दूरच्या शहरांत गेली. काकांनी दुकान बंद केले. काच घासायच्या यंत्राशेजारी जन्म काढल्याने त्यांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. काकूंच्या छातीचा आजार वाढत गेला आणि शेवटी त्यांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचे मशीन आले. ते दिवसरात्र घरघरत असे. काकूंचे गाणे बंद झाले, म्हणून काकांचे वाजवणे बंद झाले, आणि मी कपाटाखाली गेले. मला वाईट वाटले. पण त्या घरात माझ्यापेक्षा मोठी दुःखे होती, तेव्हा मी कुरकुर केली नाही.

अशातच मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. मंडळाचा वर्धापनसोहळा जवळ आला होता. सगळे पांगलेले, एकत्र जमणे कठीण. म्हणून ठरले होते की प्रत्येकाने आपापल्या घरून गायचे-वाजवायचे, रेकॉर्ड करून पाठवायचे, आणि एका ध्वनिवाल्याने ते सगळे जोडून एक भजन करायचे. सोहळ्याच्या दिवशी जो तो आपल्या घरी ते पडद्यावर बघणार. भजन तेच, काकूंचे. आता ते दुसऱ्या शहरातली एक दातांची डॉक्टरीण गाणार होती.

"काका, सगळ्यांत आधी तुमची पेटी पाठवा," अध्यक्ष म्हणाले. "ती कानात लावूनच बाकीचे गातील. तुमच्याशिवाय कुणाला ते भजन जुळणार नाही."

काकांनी मला कपाटाखालून ओढून काढले आणि पुसले. भात्याला चीर पडली होती, तिथे त्यांनी चष्मा पुसायचे मऊ कातडे कापून चिकटवले. काकू उशीला टेकून बघत होत्या. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

दुपारी, काकूंच्या आजारपणासाठी येऊन राहिलेल्या त्यांच्या मुलीने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि फोन माझ्यासमोर उभा केला. काकांनी भाता हलवला. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "ते मशीन बंद करा."

"वेडी आहेस का तू?"

"घरघर येतेय त्याची. तुमच्या सुरात ती कशाला? गाणं संपेपर्यंत मी धरते."

"आई, नको ना," मुलगी म्हणाली.

"तू फोनकडे बघ. आणि तुम्ही चुकू नका म्हणजे झालं."

मशीन बंद झाले. खोली एकदम ओकीबोकी वाटली. काका वाजवू लागले. पण भजन अर्ध्यावर आले आणि खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेऊ लागले. तिचे पीं पीं थांबेना. सगळे वाया गेले. काका म्हणाले, राहू दे, आहे तसं पाठवू. काकूंनी मान हलवली आणि बोटाने खूण केली, पुन्हा. दुसऱ्यांदा काका शेवटपर्यंत वाजवत गेले. काकूंच्या श्वासाची जागा आली तेव्हा त्यांनी सवयीने ते दोन सूर वाजवले. पलंगावर काकूंनी तोंड उघडून हवा ओढली, पण ती आत जातच नव्हती. मी हे पाहिले आहे, मित्रांनो. त्यांचे ओठ निळे पडले होते आणि तरी त्या खोकल्या नाहीत. शेवटचा सूर संपताच मुलीने धावत जाऊन मशीन लावले.

बऱ्याच वेळाने काकू बोलल्या. "सोहळ्यात मला तुमची पेटी ऐकू येऊ दे. मग मला काही नको."

रेकॉर्डिंग गेले. आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी काकांना कुणी सांगितली नव्हती. कपडा शिवताना आधी कच्चा दोरा घालतात. पक्की शिलाई पडली की तो ओढून काढतात. या घरोघरी बसून गाण्याच्या कामातही तसेच असते. पहिले वाजवणे बाकीच्यांना धरून चालण्यापुरते. सगळ्यांचे जमले की ते काढून टाकायचे, आणि त्या जागी कीबोर्ड घालायचा. अध्यक्षांना वाटले, ध्वनिवाल्याने काकांना सांगितले असेल. ध्वनिवाल्याला वाटले, एवढी साधी गोष्ट कोण सांगत बसतो? कुणाच्या मनात पाप नव्हते. पण कामापुरता मामा म्हणतात ते हेच, आणि मामाला त्याचा पत्ता नव्हता.

पुढचे सगळे दिवस काकू सोहळ्याची वाट बघत होत्या. डॉक्टरांनी मुलीला बाहेर नेऊन जे सांगायचे ते सांगितले होते. काकूंना न सांगताच समजले होते. "सोहळ्यापर्यंत टिकले पाहिजे," एवढेच त्या म्हणत.

सोहळ्याचा दिवस आला. मुलगी औषध आणायला गेली होती. काकांनी काकूंना उठवून बसवले, मांडीवर फोन धरला आणि आवाज शेवटापर्यंत वाढवला. पडद्यावर चौकोनाचौकोनांतून ओळखीचे चेहरे दिसू लागले. डॉक्टरीणबाई डोळे मिटून गात होत्या. छान गात होत्या. तबला होता, टाळ होते, कीबोर्डही होता. मी नव्हते.

पहिले कडवे संपले. "आता येईल," काका म्हणाले. दुसरे कडवे सुरू झाले. काकांचा डावा हात नकळत गुडघ्यावर भाता हलवत होता, तो हळूहळू थांबला. त्यांनी काकूंकडे बघायचे टाळले. मला त्या क्षणी फार लाज वाटली, जणू मीच न सांगता कुठे निघून गेले होते.

मग ती लांब ओळ आली. डॉक्टरीणबाई मध्यावर थांबल्या. तबला गप्प झाला, कीबोर्डही गप्प झाला. आणि त्या शांततेत, अगदी बारीक, दोन सूर आले. माझे सूर.

ते असे झाले होते. बाईंनी गाताना मला कानात मोठ्याने लावले होते. हेडफोनच्या कडेतून मी थोडीशी बाहेर झिरपले आणि त्यांच्या माइकमध्ये शिरले. त्या गात होत्या तोवर त्यांच्या आवाजाखाली मी झाकलेली होते. त्या थांबल्या तेव्हा उघडी पडले. स्वतःचा आवाज कोण ओळखणार नाही?

काकूंनी काकांचे मनगट धरले. "ऐकलंत? तुमची पेटी."

"कुठे?"

"आत्ता. मी थांबायची तिथे. आली आणि गेली."

काकांना काहीच ऐकू आले नव्हते. त्यांच्या कानांना ते येणे शक्यच नव्हते. त्यांनी क्षणभर काकूंकडे पाहिले आणि मग म्हणाले, "हो गं. आली."

"बरं वाटलं," काकू म्हणाल्या आणि डोळे मिटून उरलेले भजन ऐकत राहिल्या.

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

घर माणसांनी भरले आणि रिकामे झाले. एका सकाळी काका बाहेर गेले होते. मुलगी ऑक्सिजनचे मशीन परत द्यायला नळ्या गुंडाळत होती. हात गुंतलेले होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला. ध्वनिवाला बोलत होता.

"काकूंचं कळलं, फार वाईट वाटलं. भजनाची पक्की प्रत पाठवलीय, आता हीच राहील. आधीची सगळीकडून काढून टाकली. तिच्यात एक खोट होती. गाणाऱ्या बाई थांबतात ना, तिथे हेडफोनमधून पेटी झिरपली होती. खटकत होतं. पुसून टाकलं. आता एकदम स्वच्छ आहे."

"बरं झालं," मुलगी म्हणाली. तिचे लक्ष नळ्यांकडे होते. सोहळ्याचे भजन लागले तेव्हा खोलीत ती नव्हतीच, मग तिला काय कळणार? मला ओरडावेसे वाटले. पण मी पेटी आहे. कुणी भाता हलवल्याशिवाय मला आवाज नाही.

महिना-दोन महिन्यांनी मुलीने काकांना कानाचे यंत्र आणून दिले. पहिल्याच दिवशी त्यांनी फोन घेतला आणि ते भजन लावले. आता त्यांना सगळे ऐकू येत होते. डॉक्टरीणबाईंचा श्वाससुद्धा. ती जागा आली. काका पुढे वाकले. तिथे काहीच नव्हते. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावले. मग पुन्हा. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, काय शोधताय?"

काकांनी यंत्र कानातून काढून हातात धरले. "तुझी आई जन्मात माझ्याशी खोटं बोलली नाही," ते म्हणाले. "एकदाच बोलली. माझं मन राखायला." मग म्हणाले, "मशीन बंद करून बसली होती ती. ज्यासाठी एवढं केलं, तेवढंसुद्धा तिला मिळालं नाही."

मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांजवळ अर्धी अर्धी गोष्ट होती आणि दोघांना ते ठाऊक नव्हते. पूर्ण गोष्ट माझ्याजवळ होती आणि मी मुकी.

त्यानंतर काकांनी मला हात लावला नाही. मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. घर आवरताना मला मंडळात पोहोचते केले. इथे भात्याला उंदीर लागले आहेत. काकांनी चिकटवलेले कातडे सुटून लोंबते आहे. उद्या कुणी मला वाजवायला घेतले, तरी बहुतेक धापच टाकीन.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. मी जुनी आहे, दुसरे काय सांगणार? पण त्याहून एक मोठी विनंती आहे. कुणाचे काम हातात आले, तर त्यातले काही पुसण्याआधी, ज्याचे आहे त्याला एकदा विचारा. आणि कुणाला काम सांगाल, तर त्याचे पुढे काय होणार तेही सांगा. दुसऱ्याने सांगितले असेल असे समजू नका.

तुमच्यापैकी कुणाच्या शेजारी एखादे चष्मेवाले आजोबा मुलीकडे राहायला आले असतील. फारसे बोलत नसतील. ऐकण्याचे यंत्र कानात न घालता खिशात ठेवत असतील. त्यांच्याजवळ जाऊन बसा, यंत्र कानात घालायला लावा आणि माझा एवढा निरोप द्या: काकू खोटं बोलल्या नाहीत. त्यांना पेटी ऐकू आली होती.