न शिकवलेली शिट्टी

गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, नोटरीच्या कचेरीतली कारकून रोसाल्बा तिबादुइसा आपल्या टेबलापाशी बसून खोट्या सह्या करत होती.

टेबलावर अकरा लाल वह्या होत्या, आमच्या सोताविता गावच्या स्काउट पथकातल्या अकरा मुलांच्या. प्रत्येक वहीत चौकोन आखलेले. ओल्या लाकडावर चूल पेटवता येते, न सुटणारी गाठ मारता येते, जखम बांधता येते, असं एकेका चौकोनात छापलेलं. मुलाने ते करून दाखवलं की पथकप्रमुखाने सही करायची, आणि सगळे चौकोन भरले की मूल वरच्या पायरीवर चढायचं. रोसाल्बा पथकप्रमुख होती. रविवारी चर्चच्या सभागृहात बिल्ले द्यायचे ठरले होते, आयांनी गणवेषांना इस्त्र्यासुद्धा करून ठेवल्या होत्या, आणि निम्मे चौकोन रिकामे होते. म्हणून बाई सह्या ठोकत सुटली होती.

तिला नावं ठेवण्याआधी थोडं थांबा. बाई वाईट नव्हती. नऊ वर्षं बिनपगारी पथक चालवत होती. शनिवारमागून शनिवार पावसात वाहून जायचे, मदतीला एक बाप फिरकायचा नाही, आणि बिल्ला लांबला की मूल पथक सोडून फुटबॉलला पळतं, हा तिचा अनुभव होता. ‘शिकतील की पुढे’ असं ती स्वतःला सांगायची. आपण सगळेच आपापल्या टेबलावर हेच सांगत असतो.

तेवढ्यात डॉन एउदोरो चापार्रो आत आले; वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे मानाने डॉन म्हणतात. लोकरीच्या गिरणीतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, डोंगराखालच्या शेवटच्या घरात एकटे राहणारे. पेन्शनसाठी त्यांना दर सहा महिन्यांनी हयातीचा दाखला लागायचा. रोसाल्बाने मान वर न करता कागद ओढला, ‘सदर व्यक्ती माझ्यासमोर हजर असून जिवंत आहे’ या ओळीवर शिक्का मारला आणि कागद परत सरकवला. म्हातारा जागचा हलेना.

“मी जिवंत आहे असं लिहिलंस,” ते म्हणाले. “न बघताच?”

“खोकला ऐकला ना तुमचा,” रोसाल्बा हसली. “मेलेली माणसं खोकत नाहीत, डॉन एउदोरो.”

“खोकत नसतील. शिट्टी वाजवतात.”

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्यांनी सर्वांत वरची वही उचलली. ती लीसेद पुलीदोची, बारा वर्षांच्या मुलीची होती. एका चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं. त्यात लिहिलं होतं, ‘धुक्यात वाट चुकल्यास जागचे हलू नये, बसून राहावे, तीन तीन शिट्ट्या द्याव्यात.’ खाली सहीची शाई अजून ओली होती. हे हिने करून दाखवलं का, असं त्यांनी विचारलं. परवा शनिवारी वर नेणारच आहे, तेव्हा करेल, असं रोसाल्बा म्हणाली. मग शनिवारनंतर सही कर, म्हातारा म्हणाला. रोसाल्बाचा पारा चढला. मुलांसाठी झिजायचं आपण आणि फुकटचे सल्ले मात्र गावाचे, असं ती फटकन बोलून गेली.

डॉन एउदोरोंनी ते मनाला लावून घेतलं नाही. “पोरं वहीवर विश्वास ठेवतात, रोसाल्बा. ज्याला येत नाही त्याला निदान भीती असते. तो जपून पाऊल टाकतो. तू सही केलीस की त्याची ती भीतीपण गेली. मग उरलं काय त्याच्याजवळ?”

एवढं बोलून ते दाखला घेऊन निघून गेले. रोसाल्बाने उरलेल्या सह्या उरकल्या.

आमच्या गावाच्या डोक्यावर पारामो आहे. उंचावरचं ओलं, गार, झाडाविना माळरान. तिथे एकच गोष्ट उभी वाढते, ती म्हणजे फ्रायलेहोन. माणसाच्या उंचीचा सोट, त्यावर लोकरीसारख्या पानांचं डोकं, अंगावर वाळक्या पानांची घोंगडी. नावाचा अर्थच थोरला जोगी. ऊन असलं की ती झाडं असतात. धुकं उतरलं की ती झाडं आहेत हे स्वतःला समजावून सांगावं लागतं. आणि पारामोत आवाज करायचा नाही, हे आमच्याकडे मूल चालायला लागतं तेव्हापासून शिकवतात. ओरडलं, शिट्टी मारली की पारामो रागावतो आणि धुकं सोडतो. माझी आजी हे सांगायची, तुम्ही सोताविताचे असतात तर तुमच्याही आजीने सांगितलं असतं.

शनिवारी सकाळी अकरा मुलांना घेऊन रोसाल्बा वर निघाली. ती डॉन एउदोरोंच्या दारावरून गेली तेव्हा म्हातारा अंगणात उभा होता. वाटेवरच्या लाकडी फाटकाच्या पुढे जाऊ नका, आज हवा बरी नाही, असं तो म्हणाला. रोसाल्बाने मान डोलावली आणि फाटक ओलांडलं. तळ्यापाशी मुलांचा फोटो काढायचा होता, रविवारच्या कार्यक्रमात लावायला.

अकराच्या सुमाराला धुकं आलं. आवाज नाही, वारा नाही. समोरचं तळं गेलं, मग तळ्याकडची वाट गेली, मग आपलेच बूट दिसेनात. रोसाल्बाने मुलांना गोळा करून मोजलं. दहा. पुन्हा मोजलं. एका फ्रायलेहोनला तिने मूल समजून हात लावला, आणि त्या थंड, केसाळ स्पर्शाने तिचा हात झटकन मागे आला. दहाच होती. लीसेद नव्हती.

तिने शिट्टी फुंकली. धुक्याने ती गिळून टाकली. तिने मुलांना सांगितलं, सगळ्यांनी वाजवा. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“बाई, किती वेळा वाजवायची?” एकाने विचारलं.

“आजी म्हणते वर आवाज करायचा नाही,” दुसरी कुजबुजली. “लीसेदची पण आजी तेच सांगते. ती नाही वाजवणार, बाई.”

परवाच्या ओल्या शाईखालचा चौकोन रोसाल्बाला आठवला. तिने दोर काढला, प्रत्येकाने कमरेला गाठ मारा म्हणाली. दहा जणांनी दहा गाठी मारल्या, तिने दोर ओढून पाहिला, आणि सात गाठी हातात सुटून आल्या. त्या सातही मुलांच्या वहीत गाठीच्या चौकोनावर तिची सही होती. मग तिने स्वतः एकेक गाठ बांधली आणि वाट चाचपडत मुलांना डॉन एउदोरोंच्या घरी आणून सोडलं.

म्हाताऱ्याने मुलांना चुलीपाशी बसवलं, गुळाचं कढत पाणी ओतून दिलं, थोडं बाटलीत भरून घेतलं, जाड लोकरी रुआना घोंगडीसारखा खांद्यावर टाकला आणि रोसाल्बाबरोबर परत वर निघाला. चालता चालता, समोर बघत, त्याने तिला सांगितलं.

एकतीस वर्षांपूर्वी पथकप्रमुख डॉन एउदोरोच होते. आर्सेनियो नावाचा तेरा वर्षांचा मुलगा याच धुक्यात हरवला. चौथ्या दिवशी मेलेला सापडला, त्यांच्याच घरापासून दोनशे पावलांवर. शिट्टी खिशात तशीच होती. “आम्ही त्याच्या जवळून हाका मारत गेलो होतो. चिखलात त्याची पावलं आमच्या पावलांभोवती फिरलेली दिसली. त्याने आम्हांला ऐकलं, रोसाल्बा. पण पारामो रागावेल म्हणून ओ दिली नाही. आणि एका जागी थांबायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सदऱ्याच्या खिशात वही होती. तोच चौकोन. माझी सही.”

रोसाल्बा पाऊल उचलून त्यांच्या बरोबरीने चालू लागली.

“धुकं आलं की मला तो ऐकू येतो,” म्हातारा पुढे म्हणाला. “दर सहा महिन्यांनी दाखल्याला येतो ना मी, पेन्शनचं निमित्त असतं. कुणीतरी माझ्याकडे बघून ‘हा जिवंत आहे’ असं म्हणावं, एवढंच हवं असतं. कधी कधी माझीच खात्री नसते.”

तेवढ्यात डावीकडून शिट्टी आली. तीन वेळा. मग थांबून पुन्हा तीन वेळा.

“लीसेद!” रोसाल्बा ओरडून धावली. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र पिठासारखा पांढरा झाला होता. तो तिच्या मागोमाग आला, पण एकेक पाऊल जड टाकत. शिट्टी जवळ यायची, मग थोडी पुढे सरकायची, पुन्हा तीन. जोगी धुक्यातून एकेक करून समोर यायचे आणि मागे पडायचे. त्यातला एक बुटका होता आणि त्याच्या पायाशी लाल स्कार्फ होता.

लीसेद त्या झाडाला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठ निळे, डोळे उघडे. रोसाल्बाने तिला रुआनात गुंडाळून छातीशी धरलं आणि रडू लागली. शहाणी माझी बाय ती, किती छान वाजवलीस शिट्टी, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“मी नाही वाजवली,” लीसेद म्हणाली. दात वाजत होते तिचे. “माझी शिट्टी घरी राहिली. मी खूप चालले, बाई. मग तो मुलगा भेटला. तो म्हणाला, बस इथे, हलू नकोस. मी हललो होतो, म्हणाला. मग तो वाजवत राहिला.”

डॉन एउदोरो तिच्यासमोर चिखलात बसले. बाटलीतलं गुळाचं पाणी त्यांनी तिला घोट घोट पाजलं. बाटली संपल्यावर विचारलं, “त्याचा स्कार्फ कसला होता गं?”

“हिरवा. पांढऱ्या काठाचा.”

पथकाचा स्कार्फ लाल होऊन वीस वर्षं झाली होती. लीसेद जन्मली नव्हती तेव्हापासून. त्याआधीच्या हिरव्याचा एक फोटोसुद्धा गावात कुठे लावलेला नाही. म्हाताऱ्याने टोपी काढली आणि धुक्याकडे तोंड केलं.

ती शिट्टी कुणाची, हे मला विचारू नका. जे दोघांनी ऐकलं आणि एकीने पाहिलं, ते मी सांगितलं.

रविवारी सभागृह भरलं होतं. रोसाल्बा बिल्ल्यांचा डबा न उघडताच उभी राहिली. अकरा वह्या तिने सर्वांसमोर उघडल्या आणि न शिकवता केलेली प्रत्येक सही लाल पेनाने खोडली. चौऱ्याहत्तर निघाल्या. खोडताना ती मोजून मोठ्याने सांगत होती. मागून एक बाप म्हणाला, मग आमच्या इस्त्र्या वाया गेल्या म्हणायच्या. दोघं-तिघं हसले. दुसऱ्याने विचारलं, एवढं काय झालं त्यात, सगळीकडे असंच चालतं.

तेव्हा लीसेदची आई उठली. दियोसेलिना पुलीदो, बाजारात बटाटे विकणारी, सभेत कधी तोंड न उघडणारी बाई.

“सगळीकडे चालत असेल. माझी पोरगी त्या सहीच्या भरवशावर वर गेली होती. मला बिल्ला नको. तिला शिकवा, आणि कमी पडत असेल तर मला सांगा, मी येते शनिवारी.”

त्यानंतर कुणी हसलं नाही. पुढच्या शनिवारी ती आली, आणि तिच्या मागे तो इस्त्रीवाला बापही आला.

आज्यांची समजूत काढणं जास्त अवघड होतं. ते काम डॉन एउदोरोंनी केलं. घरोघरी चुलीपाशी बसून, मक्याच्या अरेपा भाकऱ्या खात खात त्यांनी आर्सेनियोची गोष्ट स्वतःच्या सहीसकट सांगितली, गावाला एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. शेवटी लीसेदची आजीच म्हणाली की पारामो दंगा करणाऱ्यावर रागावतो, मदत मागणाऱ्यावर कशाला रागावेल? एकीने म्हटलं, मग बाकीच्यांनीही म्हटलं.

पाच महिने लागले. मुलांनी ओल्या लाकडावर धूर खाल्ला, गाठी सुटल्या, पुन्हा मारल्या. शेवटी फाटकाच्या अलीकडे, नजरेच्या टप्प्यात, एकेका मुलाला फ्रायलेहोनपाशी बसवलं आणि धुकं यायची वाट पाहिली. धुकं आलं. रोसाल्बाने एकेकाचं नाव घेतलं, आणि एकेकाने न हलता तीन शिट्ट्या दिल्या. अकरा मुलं, अकरा वेळा तीन. तिने वही मिटली.

मग वरून, तळ्याच्या बाजूने, आणखी तीन आल्या.

कुणी पळालं नाही. डॉन एउदोरोंनी सदऱ्याच्या आतून आर्सेनियोची जुनी, पाण्याने फुगलेली वही काढली. त्यातली आपली एकतीस वर्षांपूर्वीची सही त्यांनी खोडली, शेजारी त्या दिवसाची तारीख घातली आणि नव्याने सही केली. यावेळी त्यांनी आधी ऐकलं होतं. त्या दिवसानंतर वरून शिट्टी आल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

बंधूंनो, भगिनींनो, शिक्के आणि सह्या तुमच्या-माझ्याही हाताखालून रोज जातात. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत, घरात मुलाच्या प्रगतिपुस्तकावर. पाहिल्याशिवाय केलेली सही कुणाला तरी धुक्यात एकटं सोडून येते, आणि तो कोण हे सही करताना आपल्याला कळत नाही. म्हणून आधी शिकवा, मग पाहा, आणि मगच लिहा. उशीर झाला तर होऊ द्या.

मागच्या महिन्यात डॉन एउदोरो पुन्हा दाखल्याला आले होते. रोसाल्बाने पेन खाली ठेवलं, उठून काउंटरच्या बाहेर आली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. हात ऊबदार होता. त्यांच्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं.

“जिवंत आहात तुम्ही, डॉन एउदोरो,” ती म्हणाली, आणि मग जाऊन शिक्का मारला.