मासळी-कारखान्याचा खुंटा

खरं बोलण्यात ओरिनबायचा काडीचाही फायदा नव्हता. खोटं बोलला असता तर गोड्या पाण्याची विहीर आमच्या आकशागल गावाला मिळाली असती, त्याच्या अकरा उंटांची सोय झाली असती आणि मशिदीत पुढची जागा आयतीच चालून आली असती. खरं बोलला तर विहीर कोसबुलाकला, म्हणजे सरहद्दीपलीकडे, त्याची कामशात नावाची बहीण दिली होती त्या गावाला.

घोळ सगळा समुद्राचा. आमचा कॅस्पियन एका जागी बसत नाही. ओरिनबायच्या तरुणपणी तो दूर गेला, मग परत येऊन गल्ल्यांत शिरला, आता पुन्हा निघालाय. त्याच्यामागे धावत आम्ही होड्या बांधायचे खुंटे ठोकत गेलो. जुन्या करारात लिहिलंय, सरहद्द मासळी-कारखान्याच्या खुंट्यापासून. वाळूत खुंटे उरलेत दोन. एक आमच्याकडे, एक त्यांच्याकडे, विहीर मधे. कारखान्याचा कुठला, हे ठाऊक असलेला एकच म्हातारा, ओरिनबाय.

सरहद्द ठरवायला आलेले दोन्हीकडचे सरकारी मोजणीवाले त्याच्याच घरी उतरले. सून बालझान दारात आली.

“बाबा, मांस संपलंय. आत्याबाईंचा वाटा तेवढा टांगलाय. तो शिजवू?”

थंडीत घोडं कापलं की दिल्या घरच्या लेकीचा वाटा खारवून ठेवायचा. ती येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

“हात तर लावून बघ!”

“आत्याबाईंची विहीर घेताना नाही लाज वाटत, आणि मांसाला एवढं जपताय?”

ओरिनबायने दाढी चोळली. “मासे तळ,” म्हणाला.

पाहुण्याला मांसाऐवजी मासे, म्हणजे आमच्यात अपमानच! आमच्या बाजूच्या साहेबाचं तोंड पाहण्यासारखं झालं.

जेवणं उरकल्यावर ओरिनबाय आधी पलीकडच्या खुंट्याकडे गेला. तिथे जरा उभा राहिला, थुंकला, आणि परत येऊन आमच्याकडच्या खुंट्यावर हात ठेवला.

“हा कारखान्याचा. मी आणि माझ्या मेहुण्याने ठोकलेला.”

“अहो, नीट आठवा. विहीर जाते तुमची!” आमचा साहेब म्हणाला.

“माझी होती कधी?”

वसंतात बहीण, कामशात, सरहद्दीच्या चौकीवर दोन तास ताटकळून आली. वाटा घेतला आणि गाडीतून पाण्याचे चार कॅन उतरवले.

“हा तुझा वाटा, येड्या.”

आता बघा. विहीर कोसबुलाकला, मांस कामशातला, काटे साहेबांच्या घशात, सुनेची बोलणी ओरिनबायला. चार कॅन पाण्याचा आम्ही शेजाऱ्यांनी चहा करून फडशा पाडला. भुर्दंड पडला तो अकरा उंटांना. ते रोज पाण्यासाठी तीन कोस चालतात, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.