दुसरी मोगरी सध्या पोलिसांकडे आहे

मी कपडे धोपटायची लाकडी मोगरी बोलतेय. मुक्काम कोरियातलं एक स्मारक, काचेची पेटी. डोक्यावर दिवा, आत थंडगार हवा. सरकार जिवंत माणसांची एवढी बडदास्त ठेवत नाही.

मी आणि माझी जुळी बहीण आमच्या मालकिणीच्या, माक्रेच्या, दोन हातांत असायचो. धुतलेलं पांढरं कापड दगडावर ठेवून ती आम्हाला तालात आपटायची, की कापड कसं चकचकीत व्हायचं!

तेव्हा राज्य जपान्यांचं. कोरियन माणसाचा पिढीजात वेश पांढरा; तो घालू नका, असा हुकूम निघाला. एक पोलीस अंगणात आला आणि माक्रेच्या सासऱ्याच्या सुतकासाठी तयार केलेल्या कपड्यांवर त्याने काळा रंग ओतला. माक्रेने मला उचललं आणि त्याच्या टाळक्यात घातलं. पेपरात आलं, 'माथेफिरू बाईचा हल्ला'. न्यायाधीश म्हणाले, "तक्रार होती तर अर्ज करायचा." माक्रे तुरुंगातून खोकत परतली आणि लवकरच गेली. प्रेताला खांदा द्यायला शेजारी आले नाहीत, याचा मला अजून राग आहे.

मग राज्य बदललं. माथेफिरू बाई वीरांगना झाली आणि मी पुराव्याच्या कपाटातून थेट काचेत आले.

बहीण मात्र घरातच राहिली. माक्रेची नात योनजू, आता स्वतःही म्हातारी, सूपाचं दुकान चालवते. सूपासाठी सुके मासे माझ्या बहिणीनेच कुटते. यंदा टोलेजंग इमारतीसाठी तिची गल्ली पाडायला घेतली. भाड्याचे गुंड दुकानात शिरले, त्यांनी उकळतं पातेलं उलथवलं. योनजूने हातातली मोगरी एकाच्या टाळक्यात घातली. पेपरात आलं, 'लोकशाहीत हिंसेला जागा नाही'.

परवा माक्रेचा स्मृतिदिन होता. योनजू जामिनावर सुटलेली, दुसऱ्या दिवशी निकाल. तरी वारसदार म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवलं, छातीवर फूल लावलं. नगराध्यक्ष माझ्याकडे बोट करून गरजले, "हा एक घाव म्हणजे देशाचा स्वाभिमान!" टाळ्या पडल्या.

स्मारकाचे प्रमुख योनजूच्या कानाशी लागले. "बाई, जोडीतली दुसरी मोगरी द्या ना. शोभा वाढेल."

"पोलिसांकडे आहे. मागून बघा."

नगराध्यक्षांनी घसा खाकरला. "योनजूबाई, तुमच्या आजींची गोष्ट वेगळी. तेव्हा दाद मागायला जागा नव्हती. तुम्ही अर्ज करायचा होता."

"केला होता की साहेब. तुमच्याकडेच."

साहेब फोटोसाठी वळले.

आज प्रमुख फोनवर सांगत होते, "दोन वर्षांची शिक्षा झाली म्हणे. हो, वाईटच. पण मोगरी आपल्यालाच मिळणार! आत्ता मांडता यायची नाही. म्हातारी गेली की बघू."

म्हणून एक मागणं आहे. मला बघायला रांग लावता, तशी एकदा तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीशी लावा. योनजू तिथे आहे, आणि अजून जिवंत आहे.