अहेवीचा वेल

भागीरथीने लांब दांड्याचा डोया मडक्यात बुडवला, ओटीच्या कडेशी उभी राहिली आणि हात जाईल तेवढा लांब करून कुंडीत पाणी ओतले. पदर कुंडीला लागू नये म्हणून त्याचे टोक तिने दातात धरले होते. थोडे पाणी बाहेर सांडले, तेव्हा तिने आणखी एक डोया ओतला. हात लागला नाही म्हणजे शिवले नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती, आणि देवाचीही घातली होती.

पंचेचाळीस सालच्या वैशाखातली दुपार होती. सापगावातली कुत्रीसुद्धा सावली सोडून हलत नव्हती. सून गिरजा सकाळीच शहापूरच्या रस्त्यावर खडी फोडायला गेली होती. कुंडीतल्या वेलाची पंजासारखी पाने मलूल होऊन लोंबत होती, दोन तर पार पिवळी पडली होती. वैशाखात पाण्यावाचून काय जगते? तिने तिसरा डोया भरला.

वेल सोसायटीचा होता. शहापूरजवळच्या टेकाडावर एका गोऱ्या साहेबाचा बंगला होता. त्याच्या मडमेने मुंबईची हौशी मंडळी गोळा करून ही सोसायटी काढली होती. तिचे काम एकच. विलायतेत भिंतीवर आपसूक चढणारा आयव्ही नावाचा वेल या तापलेल्या मुलखात जगवून दाखवायचा. लढाई पेटली, रॉकेल मिळेनासे झाले, तांदूळ कंट्रोलात गेला, पण या मंडळींची बैठक कधी चुकली नाही. बंगल्यात वेल टिकेना, तेव्हा मातीच्या घरांच्या गारव्यात तो ठेवून पाहावा असे मडमेला सुचले. मग सोसायटीचा माळी कोंडू बैलगाडीत कुंड्या घालून सापगावात आला आणि चावडीपाशी ओरडला, “आयवीचा वेल आलाय, आयवीचा वेल!”

बायकांनी ऐकले ते ‘अहेवीचा वेल’.

यात त्यांची काय चूक? जिचा नवरा जिवंत ती अहेव, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. विलायती शब्द त्यांच्या कानाने ओळखावा तरी कसा! कुणाचा घरधनी गोदीत होता, कुणाचा गिरणीत, कुणाचा पलटणीत. बायकांनी कुंड्या हातोहात उचलल्या. वेल हिरवा तोवर कुंकू शाबूत. पाणी अहेव बाईनेच घालायचे, विधवेने कुंडीला शिवायचे नाही. हे नियम कुणी केले कोण जाणे, पण आठ दिवसांत ते पणजीच्या काळापासून चालत आल्यासारखे पाळले जाऊ लागले.

कोंडूने एकदा खुलासा करून पाहिला. “अगो, झाडाचं नाव हाय ते निस्तं.”

“नाव काय उगा ठेवत्यात व्हय?” जनीने त्याला गप्प केले. जनीचा नवरा ताडी पिऊन दिवसभर घरातच लोळत असे आणि साऱ्या गावात तिचाच वेल फोफावला होता. “ह्याला कशाची धाड भरतीय!” असे ती वेलाकडे बघून म्हणायची, की नवऱ्याकडे, ते कळत नसे.

मडमेने हळदकुंकू लावलेल्या कुंडीचा फोटो काढून नेला. इथल्या शेतकरी बायकांना आयव्हीचा भारी लळा आहे, असे तिने बैठकीत सांगितले, आणि म्हणे टाळ्या पडल्या.

भागीरथी स्वतः विधवा, म्हणून तिच्या दारातली कुंडी गिरजाने मागून घेतली होती. भागीरथीचा एकुलता एक धर्मा खेचरांच्या पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला, तो गेलाच. तिकडून पळून आलेली माणसे वाशिंदला, कल्याणला पोचली. त्यांतल्या कुणीही त्याचे नाव सांगितले नाही. मेला म्हणून सरकारने कळवले नाही, जिवंत आहे म्हणूनही नाही.

होळीच्या सुमारास गिरजाचा भाऊ देवजी मुरबाडहून आला होता. पाट पुढे सरकवून दिला तरी तो बसला नाही.

“मावशी, चार वरसं झाली. पंचांना इचारलंय मी. डोळखांबला एक माणूस हाय. बिजवर हाय, पन कष्टाळू. गिरजाचा त्याच्यासंगं पाट लावू म्हनतो.”

भागीरथीने कुंडीकडे बोट केले. “डोळं फुटलं का रे तुजं? वेल बघ. माजा धर्मा जिता हाय.”

आत गिरजा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू लागले. देवजी पाणीही न पिता परत गेला.

त्या दिवसापासून भागीरथीला त्या वेलाची धास्ती बसली. गिरजा रोज सकाळी कुंडीच्या मातीत बोट खुपसून बघायची आणि कोंडूने सांगितले होते तसे बेताने पाणी घालायची. ती कामावर गेली की म्हातारी पानांकडे बघत बसे. पान जरा झुकले की तिला रानात कुठेतरी पडलेला, पाणी मागणारा धर्मा दिसे. मग ती डोया घेऊन उठे. पाने पिवळी पडू लागली तशी ती जास्त ओतू लागली.

पावसाआधी कुंड्या बघायला मडम स्वतः आली. बरोबर कोंडू, आणि मागे निम्मे गाव. भागीरथीच्या ओटीपाशी ती वाकली आणि तिने वेल धरून वर ओढला. तो अलगद हातात आला. मुळे काळी पडली होती. कुजका वास सगळ्यांच्या नाकात गेला.

“मडम बोलते, पानी लय झालं,” कोंडू म्हणाला. “कोन घालतं पानी?”

भागीरथीने बोलावे तर गावादेखत कबूल करायचे की विधवेच्या पाण्याने वेल मेला. आपल्या पोराला आपणच मारले, असेच तिला वाटत होते. तिने खांब घट्ट धरला.

“मीच घालते,” गिरजा पुढे होऊन म्हणाली. “दोन दोन येळा घातलं. चुकलं माजं.”

मडम रागावली नाही. तिने हसून टोपलीतून कोवळ्या पानांची एक नवी फांदी काढली आणि गिरजापुढे धरली.

“मडम सांगते, ह्यो गेला तर जाऊ दे,” कोंडू म्हणाला. “दुसरा लाव.”

जनीने तोंडाला पदर लावला. कोंडूला आपण काय बोलून गेलो ते उमगले आणि तो खाली बघू लागला.

“नको,” गिरजा म्हणाली. हात तिने पदराखाली घेतले.

मडमेला काही कळले नाही. तिने फांदी टोपलीत परत ठेवली आणि रिकामी कुंडी गाडीत घालायला सांगून ती जनीच्या घराकडे वळली.

संध्याकाळी गिरजा पडवीत भात कांडत होती. भागीरथी उंबऱ्यावर येऊन बसली.

“सकाळी माती बोटानं बघायचीस ना गो?”

“बघायची.”

“वली लागत आसंल.”

“लागायची.”

“मंग का नाय बोललीस?”

गिरजाने मुसळ उखळात टेकवले. “पयल्या दिशी बोलनार व्हते, आत्याबाय. कामावरनं आले तं तुमी हितंच बसलेल्या. पदराचं टोक वलं, दातांनी चावलेलं.” तिने पायाजवळचा कोंडा बाजूला सारला. “मंग नाय बोलले.”

आईच्या हातच्या पाण्याने तरी तो परत येईल, असे पोरीला वाटले असेल का? की एकदाचा मरू दे हा वेल, असे वाटले असेल? भागीरथीने ते विचारले नाही. दोन्हीपैकी कोणतेही उत्तर तिला पेलणार नव्हते.

आणि तिने स्वतः तरी काय केले होते? धर्मा येणार नाही हे तिला कधीचे कळले होते. ज्या दिवशी वाशिंदला उतरलेल्या शेवटच्या माणसाने मान हलवली, त्याच दिवशी. वेल हवा होता तो गिरजासाठी. ती गेली तर या घरात चूल कुणासाठी पेटवायची, ही भीती होती. पोराच्या नावाने आपण या पोरीला दाव्याला बांधून ठेवले, हे मनात येताच म्हातारीला रडू फुटले. चार वर्षांत ती धर्मासाठी रडली नव्हती. रडली तर तो मेला असे होईल म्हणून. आता ती पदरात तोंड खुपसून मोठ्याने रडली आणि गिरजाने तिला रडू दिले.

मग तिने नाक पुसले.

“उद्या बाजाराला मुरबाडचं कोन येतंय का बघ. देवजीला निरोप धाड.”

“काय सांगू?”

“सांगावं, म्हातारीचं काय म्हननं नाय.”

बाहेर कुणाची तरी गुरे घरी येत होती. गिरजाने उडालेले दाणे गोळा करून पुन्हा उखळात टाकले आणि मुसळ उचलले. ती नको म्हणाली नाही.