खडीच्या ढिगावर टिटवी

धम्मपाल पगारेच्या डोक्यात पहिली टपली बसली तेव्हा त्याला वाटलं, बायकोनंच मारली.

तो गच्चीवर नव्या कॉलमना पाणी मारत होता. सातपूरच्या त्यांच्या कॉलनीत बहुतेक घरांवर मजला चढून झाला होता, पगारेंची गच्ची तेवढी उघडीबोडकी राहिली होती. यंदा त्यानं आणि राखीनं मनावर घेतलं. कॉलम उभे राहिले, गल्लीत जागा नाही म्हणून खडीसुद्धा गच्चीवर ओढून नेली, आणि नेमका तेव्हाच कारभारी मिस्त्री भाचीच्या लग्नाला गावी गेला. जाताना बजावून गेला, "भाऊ, स्लॅबचं मी आल्यावर बघू. तुम्ही फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी मारा."

धम्मपालनं वळून बघितलं. मागं राखी नव्हती, कुणीच नव्हतं. मग वरून कर्कश आवाज आला, "टिटिव-टिव! टिटिव-टिव!" आणि लांब पिवळ्या पायांचा एक पक्षी सरळ त्याच्या नाकावर चालून आला. धम्मपालनं पाइप टाकला आणि जिना गाठला. पाइप वर एकटाच नाचत राहिला, आणि शेजारच्या झुंबरबाईंनी अंगणात वाळत घातलेल्या कुरडया पार भिजून गेल्या.

झुंबरबाईंचा आरडाओरडा राखीनं अंगावर घेतला. सुलाबाई, म्हणजे धम्मपालची आई, पदर डोक्यावर घट्ट ओढून गच्चीवर गेल्या आणि आल्या त्या घरात बारसं असल्यासारखं तोंड करून.

"टिटवी हाय. खडीवर चार अंडी घातलीत. खडीत खडी दिसत्यात, पाय पडला असता तर कळलं नसतं."

"मग आता?" धम्मपाल म्हणाला.

"आता काय? आमच्या नांदगावकडं टिटवीनं बांधावर अंडी घातली तरी माणसं खूश होतात. जितक्या उंचावर अंडी, तितका पाऊस. ही तर गच्चीवर चढली! यंदा लय पाऊस, धम्मा. लय म्हणजे लयच."

"आई, तिला काय हवामान खात्यात नोकरी आहे?"

"तुझ्या खात्यापेक्षा बरी हाय ती," सुलाबाई म्हणाल्या आणि फोन घेऊन बसल्या.

पहिला फोन नांदगावला भावाला. भावानं सविस्तर चौकशी केली. अंडी ढिगाच्या टोकावर की उतारावर? टोकं आत की बाहेर? सुलाबाईंनी दोनदा वर जाऊन, दोनदा टिटवीच्या शिव्या खाऊन, माहिती पुरवली. शेवटी भाऊ सुस्कारा टाकून म्हणाला, "अक्का, तुमच्याकडं एवढं धरण हाय, नदी हाय. तुम्हाला कशाला पायजे टिटवी? एखादी इकडं लावून दे."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. झुंबरबाईंचं घर बैठं होतं. कुरडयांचं भांडण बाजूला ठेवून त्या जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात विचारू लागल्या, "सुलाबाई, म्हणजे पाणी कुठवर येईल म्हणायचं? माझ्या ओट्यापर्यंत, की खिडकीपर्यंत?"

"आता खडी गच्चीवर हाय," सुलाबाई विचार करून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईंनी गव्हाची कोठी पलंगावर चढवली आणि पलंगाखाली विटा लावल्या.

या सगळ्याचा धम्मपालला भयंकर संताप येई. तो कॉलनीच्या विहारात व्याख्यानं ठरवणारा माणूस. अमावस्येला मुद्दाम नवी वस्तू घेणारा. त्याच्याच गच्चीवर असला बाजार! त्यानं जेवताना जाहीर केलं, "मिस्त्री आला की अंडी उचलून बाजूला ठेवायची. स्लॅब थांबणार नाही."

राखी ताटात भाकरी वाढत म्हणाली, "अहो, पंचशीलातलं पहिलं शील कोणतं हो?"

"ते मला नको शिकवू. मी मारतो कुठं? बाजूला ठेवतो म्हणालो."

"बाजूला ठेवली तर ती बसेल का?"

धम्मपालला ते माहीत नव्हतं. त्यानं आमटी मागितली.

कारभारी मिस्त्री आला तो अंगाला हळदीचा वास घेऊन. ढगांची भीती त्याला टिटवीपेक्षा जास्त होती. "भाऊ, पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे. कुठं आहेत अंडी? उचलतो, फेकतो," असं म्हणत तो तरातरा वर गेला. टिटवीनं त्याच्या डोक्यावरून एक फेरी मारली आणि एकदाच ओरडली. मिस्त्री जसा गेला तसाच खाली आला.

"डोक्यावर ओरडली," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मग?"

"टिटवी डोक्यावर ओरडणं चांगलं नसतं भाऊ. मला बायकापोरं आहेत. तुम्ही काढा. तुम्ही काही मानत नाही, तुम्हाला काही होत नाही."

आता माघार घेता येईना. गल्ली ऐकत होती.

रविवारी सकाळी धम्मपाल तयार झाला. कंपनीतलं हेल्मेट, कंपनीतला गॉगल, वेल्डरकडून मागून आणलेले कातडी हातमोजे. हातात घमेलं. राखीनं त्याला दारातून बघितलं आणि तोंडात पदर कोंबला. आजूबाजूच्या गच्च्यांवर लोक चहाचे कप घेऊन उभे होते.

टिटवी हेल्मेटवर टकाटक आपटत होती, तिचा जोडीदार मागून येत होता. धम्मपाल वाकून, चाचपडत ढिगापर्यंत पोचला. अंडी काही दिसेनात. गॉगल वर केला तेव्हा दिसली, मातकट, काळ्या डागांची, अगदी शेजारच्या खड्यांसारखी. हातमोज्यात ती धरता येईनात, म्हणून एक हात मोकळा केला आणि एक अंडं उचललं.

ते कोमट होतं. आणि ओलं.

तो बघत राहिला. तेवढ्यात टिटवीनं त्याचा नाद सोडला, टाकीच्या गळक्या नळाखाली साचलेल्या पाण्यात जाऊन बसली, पोटाची पिसं चिंब भिजवली आणि पळत येऊन उरलेल्या अंड्यांवर बसली. त्याच्यापासून हातभर अंतरावर, चोच वासून, रागानं लाल होऊन. उन्हात खडी तापलेली होती. ती अंड्यांना पाणी मारत होती.

धम्मपालनं स्वतःच्या कॉलमकडे बघितलं. त्यांच्यावर गुंडाळलेलं गोणपाट कधीच वाळून कडक झालं होतं.

त्यानं अंडं तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं ते चोचीनं पोटाखाली ओढलं आणि लगेच त्याच्या बोटावर एक चोच मारली.

"काय झालं हो?" खालून राखी ओरडली.

"काही नाही," धम्मपाल जिना उतरत म्हणाला. मग गच्च्यांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "कॉलमला अजून पाणी कमी पडलंय. एवढ्यात स्लॅब टाकणं योग्य नाही. टेक्निकल कारण आहे."

कारभारी मिस्त्रीनं इतक्या जोरात मान हलवली की टोपी पडली.

त्यानंतर कॉलमना पाणी मारायचं काम राखीकडे आलं, कारण टिटवी तिला काही करत नसे. धम्मपाल मात्र गच्चीच्या दारातून डोकं काढायचा अवकाश, वरून हल्ला येई. शर्ट बदलून बघितला, सुलाबाईंचं लुगडं पांघरून बघितलं. टिटवी फसली नाही. तरी रोज कामावरून आल्यावर तो आधी दाराच्या फटीतून वर बघून यायचा आणि मगच चहा घ्यायचा.

एका दुपारी कंपनीच्या मशीन शॉपमध्ये त्याचा फोन वाजला. मशिनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"अहो, लवकर या," राखी ओरडत होती, "बाहेर आली! चारही!"

शॉपमधली माणसं थबकली. मॅनेजरांनी स्वतः गेटपास लिहून दिला आणि निघताना त्याचे दोन्ही हात हातात घेतले. बाकीच्यांनी मागून टाळ्या वाजवल्या. खुलासा करायला वेळ नव्हता.

घरी वेगळाच पेच पडला होता. पिल्लं जन्मल्या जन्मल्या पळत होती, पण गच्चीला कमरेएवढा कठडा. टिटव्या समोरच्या मोकळ्या प्लॉटात उतरून हाका मारत होत्या आणि पिल्लं कठड्याला धडका देत होती.

"एवढ्या उन्हात मरतील ती," सुलाबाई म्हणाल्या. "धम्मा, तूच आण. ती पळत्यात, मला काय पकडता येत नाय."

धम्मपालनं हेल्मेट काढून उलटं धरलं आणि एकेक पिल्लू त्यात ठेवलं. कापसाच्या बोळ्याला पाय फुटावेत तशी ती होती. डोकं उघडं पडलेलं बघून दोन्ही टिटव्यांनी आजवरचा सगळा हिशेब चुकता केला. तो जिन्यावरून, घरातून, गल्लीतून हेल्मेट छातीशी धरून धावला, आणि मागून झुंबरबाई त्याच्या टकलावर सूप धरून धावल्या.

प्लॉटाच्या मधोमध त्यानं हेल्मेट हळूच आडवं केलं. पिल्लं चारी दिशांना पांगली, टिटवी एकदा ओरडली, आणि पिल्लं दिसेनाशी झाली. जिथल्या तिथं जमिनीला चिकटून ती मातीसारखीच दिसत होती.

धम्मपालनं एक पाय उचलला होता. तो खाली कुठं ठेवावा, ते कळेना.

"राखी! माझ्या पायाखाली आहे का बघ!"

"डावीकडे ठेवा!" राखी म्हणाली.

"डावीकडं नको, मघाशी तिकडंच गेलं एक!" झुंबरबाई म्हणाल्या.

"हलू नको रे!" सुलाबाई ओरडल्या.

सातपूरच्या मशीन शॉपचा सुपरवायझर भर उन्हात एका पायावर उभा राहिला. शिफ्ट सुटून येणारी माणसं मोटारसायकली थांबवून बघू लागली. कुणीतरी छत्री लांब धरली, कुणी पाण्याची बाटली फेकली, ती त्यानं अलगद झेलली. शेवटी टिटवी गवताच्या कडेला जाऊन वेगळंच काही हळुवार बोलली, आणि त्याच्या बुटाला अगदी लागून असलेला एक मातीचा गोळा उठला आणि तुरुतुरु पळाला. मागून दुसरा, तिसरा, चौथा.

तेव्हा त्यानं पाय टेकला, आणि गल्लीनं श्वास सोडला.

पुढच्या आठवड्यात स्लॅब पडला आणि पाऊस त्यानंतर आला. पाऊस बराच झाला, पण झुंबरबाईंच्या ओट्याला काही पाणी लागलं नाही. सुलाबाई म्हणतात, टिटवीनं सांगितलं तसंच झालं. धम्मपाल म्हणतो, हवामान खात्यानं सांगितलं तसं झालं. त्या मोकळ्या प्लॉटातून कंपनीकडे जायची जवळची वाट आहे. पण हल्ली ती कुणी सरळ चालत नाही. शिफ्टला उशीर झालेली धट्टीकट्टी माणसंसुद्धा तिथं आली की डबा काखेत मारतात, खाली बघतात आणि बगळ्यासारखा एकेक पाय उचलून टाकत पलीकडे जातात.